सांगलीचं पोट कशावर चालतं? कुपवाडच्या एका वर्कशॉपवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कवठेमहांकाळ तालुक्यातला. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, घरी तीन एकर द्राक्षबाग आहे. चाकणला नोकरी मिळतेय. सांगलीत एकही मोठी कंपनी नाही असं सगळे म्हणतात. मग हा जिल्हा नेमका कोणत्या उद्योगावर उभा आहे? आणि इथं थांबलो तर माझं काही होईल का?"

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशिनशॉप आहे. १९९३ मध्ये आयटीआय संपवून लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशिनवर, हेल्पर म्हणून लागलो, आठ वर्षांनी स्वतःचा पहिला सेकंडहँड लेथ घेतला. आज पाच मशिनं आणि चौदा माणसं आहेत. म्हणजे मी काही अर्थतज्ज्ञ नाही, पण जिल्ह्यातला पैसा कुठून येतो आणि कुठं अडतो, हे तीस वर्षं माझ्या बिलांच्या फायलीत बघत आलोय. त्यावरून सांगतो.

"मोठी कंपनी नाही" हे निम्मंच खरं आहे. किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातच आहे, पलूस तालुक्यात. पण तुम्हाला म्हणायचंय ते मला कळतं. चाकणसारखी एका गेटमधून हजारो पोरं आत जाणारी कंपन्यांची रांग इथं नाही. आपला जिल्हा वेगळ्या रीतीनं चालतो. जमिनीतून जे निघतं त्याच्यावर प्रक्रिया करणारे कारखाने हा त्याचा एक पाय: साखर, बेदाणा, हळद, दूध. दुसरा पाय म्हणजे त्या कारखान्यांना आणि शेतकऱ्याला लागणारी यंत्रं घडवणारी आणि दुरुस्त करणारी वर्कशॉप, फाउंड्र्या (लोखंड वितळवून ओतणारे कारखाने), फॅब्रिकेशनवाले. पहिला पाय सगळ्यांना दिसतो, कारण त्याला चिमणी असते, चेअरमन असतो, निवडणूक असते. दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. आणि माझं ठाम मत आहे की जिल्हा उभा राहतो तो त्या दुसऱ्या पायावर.

हे आजचं नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून औंध संस्थानच्या माळावर, कुंडलजवळ कारखाना हलवला. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली. तीच किर्लोस्करवाडी. तेव्हा तिथं निवडुंग आणि दगडाशिवाय काही नव्हतं. ते बनवत होते लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांच्या मनात होती. सुरुवातीला नांगर विकले जाईनात. पुढं याच कारखान्यातून उसाचे चरक निघाले, पंप निघाले. मला यातली साखळी महत्त्वाची वाटते. पंप आला म्हणून नदीकाठची जमीन भिजली, जमीन भिजली म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून साखर कारखाने आले, आणि साखर कारखान्यांना परत पंप, व्हॉल्व्ह, रोलर, गिअर लागले. तुमच्या बागेला म्हैसाळ योजनेचं पाणी येत असेल, तर तेही टप्प्याटप्प्यानं पंपांनी उचलूनच वर येतं. कृष्णा खाली वाहते आणि दुष्काळी तालुके वर आहेत. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या तिन्ही योजना म्हणजे शेवटी पंप, पाइप आणि वीजबिल. यंत्राशिवाय या जिल्ह्याच्या पूर्व भागात द्राक्षाचा एक घडही लागला नसता.

साताऱ्याकडेही त्याच सुमाराला असंच घडलं. कराडजवळ ओगलेवाडीला काच कारखाना निघाला, प्रभाकर कंदील तिथला. सातारा रोडला कूपर यांचा इंजिनीअरिंग कारखाना आला. तोवर आपल्यातले बरेच तालुके साताऱ्यातच होते, बाकीचा भाग संस्थानांत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या माळावरच्या कारखान्यांनी मोल्डर, फिटर, टर्नर, पॅटर्नमेकर अशी माणसं घडवली. ती माणसं पुढं बाहेर पडली, कुणी पलूसला, कुणी माधवनगर रोडला, कुणी मिरजेला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ टाकून बसली. माझा उस्ताद अशाच एकाचा चेला होता. कुपवाड त्यातून भरलं.

आता साखरेकडे येतो, कारण आमच्यासारख्यांची चूल मुख्यतः तिच्यावर पेटते.

लोक साखर कारखाना बघतात तो हंगामात: गव्हाणीत मोळी टाकली, धूर निघाला, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली. मी बघतो तो मार्चनंतर. गाळप संपलं की मिल उघडतात. रोलर बाहेर येतात. रोलर म्हणजे मधे घडीव स्टीलचा शाफ्ट आणि त्यावर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड शेल. शेलवर गोलाकार व्ही आकाराचे दात पाडलेले असतात, ते ऊस पकडतात आणि चिरडतात. चार-पाच महिने लाखो टन ऊस त्यातून गेल्यावर दात बोथट होतात, कडा गोल होतात, उसाबरोबर आलेल्या दगडगोट्यांनी तुकडे उडतात. मग दरवर्षी दात नव्यानं कापायचे. दरवर्षी थोडा व्यास कमी होतो. काही हंगामांनी शेल संपतो, तेव्हा तो उतरवून नवा बसवायचा.

नवा शेल बसवण्याचं काम मी तरुणपणी ज्या वर्कशॉपमध्ये होतो तिथं पहिल्यांदा पाहिलं. शेलचा बोअर, म्हणजे आतलं भोक, शाफ्टपेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवलेला असतो. शेलला चारी बाजूंनी आच द्यायची, तो फुगतो, आणि तेवढ्या वेळात क्रेननं शाफ्ट सरळ, अगदी ओळंब्यात आत सोडायचा. गार झाला की शेल शाफ्टला असा आवळतो की मिलच्या पूर्ण जोरालाही फिरत नाही. मधे तिरका अडकला तर मात्र शेल फोडण्यावाचून इलाज नसतो. आमचे मामा, साठीचे फिटर, त्या दिवशी सकाळपासून कुणाशी बोलायचे नाहीत. शाफ्ट बसल्याचा 'ढप्प' असा जो एक आवाज येतो, तो झाला की मग चहा.

हे एवढं का सांगतोय? त्या दातांची किंमत तुमच्या लक्षात यावी म्हणून. समजा एक कारखाना हंगामात दहा लाख टन ऊस गाळतो. मिल नीट दाबत नाही, रस चिपाडात राहतो, आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, फक्त ०.१ टक्क्यानं घसरतो. म्हणजे १,००० टन साखर गेली. किलोला ३१ रुपये धरले तरी तीन कोटी दहा लाख. शेतकऱ्याचंही तेच. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे, आणि त्याच्या वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा. आपल्या भागाचा उतारा राज्यात चांगला, त्याचं श्रेय जमिनीला आणि पाण्याला आहेच, पण फर्मा लावून दात तपासणाऱ्या टर्नरलाही आहे. त्याचं नाव कुठल्याच अहवालात येत नाही.

एप्रिल ते ऑक्टोबर हे आमचे कामाचे दिवस. रोलर, त्याच्या बेअरिंगचे ब्रास, केन कॅरियरच्या साखळ्या आणि पिना, पंपांचे इम्पेलर (आतले फिरते पंखे), बॉयलरच्या फॅनचे शाफ्ट, सगळं या सहा-सात महिन्यांत येतं आणि सगळ्यांना दसऱ्याच्या आधी हवं असतं. एक कारखाना आजारी पडला तर सभासद, कामगार, ऊसतोड टोळ्या यांचे हाल छापून येतात, यायलाच हवेत. पण त्याच वेळी वीस-पंचवीस वर्कशॉपांचा सीझन बुडतो, ते कुठंच येत नाही. गेल्या काही वर्षांत कारखाने बंद पडले, भाड्यानं गेले, विकले गेले, तेव्हा आमच्या लाइनमधली चांगली कारागीर मंडळी रिक्षा चालवायला लागलेली मी पाहिली आहेत. रोलरवर हात बसायला आठ-दहा वर्षं लागतात. ती माणसं परत मिळत नाहीत.

साखरेचं गणित स्वतःच अडचणीचं आहे हेही सांगायला हवं. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच थांबली. त्या हंगामात एफआरपी टनाला २,७५० होती, तीही १० टक्के उताऱ्याला. ती वाढत गेली, आणि वाढायलाच हवी, खतं-मजुरी वाढलीच आहे. पण मधल्या फटीतून कारखान्याला चालवतं ते काय? चिपाडापासूनची वीज आणि मळीपासूनचं इथेनॉल. शंभर टन उसातून अठ्ठावीस-तीस टन चिपाड निघतं. पूर्वी त्यातलं बरंच वाया जायचं. आता हाय प्रेशर बॉयलर, टर्बाइन, डिस्टिलरी आली आणि आमच्या कामाचा दर्जा बदलला. पूर्वी दहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची, गोष्ट कुणी विचारत नव्हतं. आता कामासोबत मटेरियलचा टेस्ट रिपोर्ट आणि बॅलन्सिंगचं सर्टिफिकेट मागतात. ज्या वर्कशॉपांना हे जमलं ती वाढली. ज्यांना जमलं नाही त्यांची शटर खाली आहेत. तुमच्यासारख्या डिप्लोमावाल्याची गरज नेमकी इथं आहे, पण त्यावर नंतर बोलतो.

द्राक्ष आणि बेदाणा तुम्हाला मी काय सांगू, तुमच्या घरचाच विषय आहे. फक्त एकदा यंत्राच्या नजरेनं बघा. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, पंधरा दिवसांत माल तयार. पुढं देठ काढणं, धुणं, जाळीवर आकार वेगळे करणं, रंगाप्रमाणे निवडणं. यातली बहुतेक यंत्रं तासगाव-सांगली पट्ट्यात फॅब्रिकेशनवाल्यांनी शेतकऱ्याशेजारी उभं राहून, चुकत-चुकत बनवली आहेत. बागेतला औषध फवारायचा ब्लोअरही तसाच. पंप, गिअरबॉक्स, पंखा, टाकी. तुमच्या घरचा ब्लोअर एकदा उघडून बघा आणि प्रत्येक पार्ट कुठून आलाय हे शोधा. पंख्याचं कास्टिंग बहुधा जवळच्या फाउंड्रीतलं निघेल. बेअरिंग बाहेरचं. रंगानुसार माल निवडणारं कॅमेऱ्याचं मशीन मात्र पूर्ण बाहेरचंच असतं, आपल्याकडे फार तर त्याचं हॉपर आणि कन्व्हेअर बनतं. सगळ्यात जास्त पैसा त्या मशीनमध्येच आहे, हे मला टोचतं.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकनाच्या कागदानं हळद पॉलिश होत नाही. हळद काढली की शिजवायची, वाळवायची, मग ड्रममध्ये फिरवून वरची साल आणि मुळ्या उतरवायच्या. पूर्वी काहिलीत पाला घालून शिजवायचे, दिवसभर धूर. आता ट्रॅक्टरमागे बॉयलर आणि दोन-चार ड्रम लावलेला वाफेचा कुकर शेतावरच येतो. हा कुकर इथल्या वर्कशॉपांनी बनवला आणि हजारो बायाबापड्यांचे डोळे वाचले, असं मी अभिमानानं म्हणतो. आणि काळजीनंही एक सांगतो: वाफेचं भांडं हे खेळणं नाही. एका शेतात मी सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं बांधून ठेवलेला पाहिला, वाफ "वाया जाते" म्हणून. मी तिथंच तार तोडली. कुकर बनवणाऱ्या प्रत्येकानं वेल्डिंग तपासून घेतलंच पाहिजे, विकत घेणाऱ्यानंही प्रेशरची चाचणी झालीय का हे विचारलंच पाहिजे.

मिरजेचे सतार-तंबोरे हा लहान उद्योग, थोडक्यात सांगतो. त्यांना २०२४ मध्ये मानांकन मिळालं. शिकलगार कारागीरांची ही परंपरा. हत्यारांना धार लावणारे हात तंतुवाद्याकडे वळले. रोजगाराच्या आकड्यात तो कुठं दिसणार नाही, पण हातातली कारागिरी दुसऱ्या कामात कशी उतरते, याचं त्याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही. विट्याच्या यंत्रमागांबद्दल मी फार बोलत नाही, ती माझी लाइन नाही. सुताचे दर आणि वीज यांवर तो धंदा वर-खाली होतो एवढंच बाहेरून दिसतं.

विजेचा विषय निघालाच आहे तर फाउंड्रीचं सांगतो. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन बीड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. म्हणजे युनिटमागे एक रुपया वाढला की टनामागे ६०० रुपये गेले, आणि कास्टिंगच्या धंद्यात टनाला एवढंच मार्जिन सुटतं असेही महिने असतात. मार्जिन वाचवायचं तर रिजेक्शन कमी करायचं, दुसरा रस्ता नाही. वाळूतली ओल रोज तपासायची, एवढी साधी गोष्ट. माझ्याकडे मशिनिंगला आलेल्या एका लॉटमध्ये शंभरातले बावीस इम्पेलर टूल लागताच आतून सच्छिद्र निघाले. फाउंड्रीवाला म्हणाला पावसाळा होता. मी म्हटलं, पावसाळा दरवर्षी येतो.

आता ज्या दुखण्यानं आमचे लोक मरतात ते सांगतो: उधारी. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याकडे माझं चौदा महिने बिल अडकलं होतं. रक्कम त्यांच्या दृष्टीनं किरकोळ, माझ्या दृष्टीनं बायकोचे दागिने. मी चार माणसं कमी केली. त्यातल्या एकाचा मुलगा तेव्हा दहावीला होता, ते अजून मला विसरता येत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, असा कायदा आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून वेळेत न दिलेल्या बिलाचा खर्च घेणाऱ्याला आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, तेव्हापासून मार्चमध्ये फोन येऊ लागलेत, हे मान्य करतो. पण तक्रार करणारे अजूनही कमी. कारण उघड आहे, पुढच्या सीझनचं काम जाईल. मी स्वतःपुरता नियम केला: मटेरियलचे पैसे आगाऊ, आणि कुठलाही एक गिऱ्हाईक माझ्या उलाढालीच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, पहिल्याच दिवशी.

या बाबतीत बेदाण्याच्या व्यापारात एक चांगली पद्धत आहे. दिवाळीच्या आधी सांगली-तासगावचे सौदे काही आठवडे बंद ठेवतात आणि सगळ्यांनी आपापली देणी मिटवायची, त्याला 'झिरो पेमेंट' म्हणतात. त्यातही कटकटी असतात. तरी वर्षातून एकदा पाटी कोरी होते. इंजिनीअरिंगवाल्यांनी असं काही कधीच केलं नाही. आमच्या असोसिएशनच्या बैठकीत मी हे तीनदा मांडलंय, चौथ्यांदाही मांडणार.

पुराबद्दल बोललं नाही तर हे उत्तर खोटं ठरेल. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. कुपवाड उंचावर, माझ्या शेडमध्ये पाणी आलं नाही. पण माझ्या चौदापैकी सहा माणसांची घरं पाण्यात होती. मशिनं कोरडी आणि चालवायला माणूस नाही, असे तीन आठवडे गेले. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, ती पेवं २००५ च्या पुरात कितीतरी गेली. तेव्हा नदीकाठी नवं शेड बघत असाल तर भाडं कमी आहे म्हणून हुरळू नका. आधी शेजाऱ्याला विचारा, १९ साली पाणी कुठवर होतं. भिंतीवर खूण सापडतेच.

आता तुमचं. पगार चाकणला जास्त मिळेल, यात वाद नाही. आमच्याकडे सुरुवातीला त्याच्या निम्मा-पाऊणपट मिळतो. म्हणून मी तुम्हाला "थांबा" असं म्हणणार नाही. चाकणला जा, पण असेंब्ली लाइनवर नट आवळायला जाऊ नका. पगार दोन हजारांनी कमी असला तरी टूलरूम किंवा क्वालिटी विभाग धरा. सीएमएम या अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर मोजमाप, ड्रॉइंगमधले टॉलरन्स, हार्डनिंग, बॅलन्सिंग हे शिका. आपल्याकडे हात आहेत, ते मोजणारी आणि कागदावर उतरवणारी माणसं कमी आहेत. आमची निम्मी कामं अजून जुना पार्ट समोर ठेवून नवा बनवणं अशीच चालतात. जुना पार्ट झिजलेला असतो, म्हणजे आपण झीजच कॉपी करतो. ड्रॉइंग काढू शकणारा, सेन्सर आणि मोटर समजणारा एक मुलगा कुपवाडच्या कुठल्याही वर्कशॉपचं रूप दोन वर्षांत पालटू शकतो. बेदाणा निवडण्याचं ते कॅमेऱ्याचं मशीन इथं का बनू नये? माल तुमच्या घरात आहे, चाचणीला दुसरीकडे जायची गरज नाही.

तीन वर्षांनी परत येताना एकदम कर्ज काढून नवी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, घेऊ नका. आधी कुणाच्या तरी शॉपमध्ये एक पूर्ण ऑफ सीझन काढा, एप्रिल ते ऑक्टोबर. कुठला कारखाना कसं पेमेंट करतो, कोणत्या फाउंड्रीचं कास्टिंग सच्छिद्र निघतं, हे तिथंच कळतं.

आणि जायच्या आधी एक काम करा. येत्या मे महिन्यात तुमच्या जवळच्या साखर कारखान्यात ओळखीच्या सभासदाला घेऊन मिल हाउसमध्ये जा. रोलर उघडे पडलेले असतील. बोट फिरवून दाताची कड बघा, किती गोल झालीय. चीफ इंजिनीअरला नम्रपणे विचारा, "साहेब, या सीझनला कुठला पार्ट सगळ्यात जास्त वेळा तुटला आणि तो कुठून मागवता?" ते सांगतील. वही घेऊन जा.